ऑक्युपेशनल थेरपीकडे माणसं वळली कशी?

मार्च १९१७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा जण जमले आणि ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची आणि हाताची कामं करवून रुग्णाला पुन्हा उभं करणाऱ्या उपचारपद्धतीचा, प्रसार करणारी राष्ट्रीय संस्था त्यांनी स्थापन केली. या सहांत डॉक्टर एकच, मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन. बाकीच्यांत दोन वास्तुविशारद, हस्तकलेच्या एक शिक्षिका, समाजकार्यातून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल आणि एक सेक्रेटरी. वैद्यकाशी जोडलेल्या व्यवसायाची मुहूर्तमेढ रोवायला अशी मंडळी यावीत याचं नवल वाटतं. पण या क्षेत्राकडे कोण आणि का ओढलं जातं, याचं बरंचसं उत्तर या यादीतच आहे.

बैठक ज्यांच्या घरी भरली ते वास्तुविशारद जॉर्ज बार्टन आधी रुग्ण होते. क्षयाने बेजार, पायाची बोटं कापावी लागलेली, त्यात शस्त्रक्रियेनंतर डावी बाजू लुळी पडलेली. इस्पितळातून सुटका झाल्यावर पुढे काय करायचं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी एक घर घेतलं, तिथे सुतारकाम आणि बागकाम सुरू केलं आणि त्यातून स्वतःला पुन्हा उभं केलं. मग तेच घर इतर रुग्णांसाठी खुलं केलं.

हा धागा आणखी मागे जातो. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात मनोरुग्णांच्या बेड्या काढल्याचं श्रेय डॉक्टर फिलिप पिनेल यांना मिळतं. प्रत्यक्षात १७९७मध्ये त्या काढल्या त्या तिथले व्यवस्थापक झाँ-बाप्टिस्ट प्युसाँ यांनी. ते मूळचे चामडं कमावणारे आणि कधीकाळी त्याच इस्पितळात उपचार घेतलेले. इंग्लंडमधल्या यॉर्क इथे मनोरुग्णांना माणसासारखं वागवणारी ‘रिट्रीट’ १७९६मध्ये सुरू झाली, ती विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने. तिथे रुग्ण बागेत राबत, शिवणकाम करत. नुसतं बसवून ठेवलेला माणूस खचत जातो आणि हाताला काम मिळालं की सावरतो, हे अशा माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सिद्धांत मागाहून आला. डंटन आणि स्लॅगल या दोघांवरही प्रभाव असलेले मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मेयर यांनी काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या तोलाविषयीचं आपलं विवेचन १९२२मध्ये प्रसिद्ध केलं.

क्लिफ्टन स्प्रिंग्जच्या बैठकीनंतर तीनच आठवड्यांत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांना पुन्हा कामाला लावण्यासाठी शेकडो तरुणी ‘रिकन्स्ट्रक्शन एड’ म्हणून भरती झाल्या. त्यांतल्या अनेकजणी हस्तकला किंवा अध्यापनातून आल्या होत्या. टोपल्या विणायला लावणाऱ्या बायका, अशी या व्यवसायाची टिंगल पुढे कितीतरी वर्षं होत राहिली.

टिंगल करणाऱ्यांनी शर्टाचं एक बटण नीट पाहावं. ते लावायला चिमटीत पकड हवी, दुसऱ्या हाताने काज धरायला हवं, नजर तिथे टिकायला हवी आणि आधी कोणती कृती, नंतर कोणती, हे लक्षात राहायला हवं. पक्षाघात झालेल्या माणसाचं नेमकं काय अडतंय, हे कृतीचे असे तुकडे करून पाहिलं तरच कळतं. मग कुणाला एका हाताने बटण लावायला मूठ असलेला तारेचा छोटा हुक दिला जातो, कुणाला दुबळा हात आधी बाहीत घालायला शिकवलं जातं. ही चिकित्सक नजर ज्याला आवडते, तो या कामात रमतो. नुसता कळवळा फार दिवस पुरत नाही, असं माझं मत.

मधल्या काळात व्यवसाय स्वतःच वाट थोडी चुकला. वैद्यकात मान मिळावा म्हणून स्नायूंची ताकद आणि सांध्यांचे कोन मोजण्याकडे कल वाढला. रुग्णाला नेमकं काय करायचंय, हा प्रश्न मागे पडला. १९६१मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट मेरी रायली यांनी स्लॅगल यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात आपल्याच मंडळींना मूळ विचाराची आठवण करून दिली. एव्हाना हा व्यवसाय जगभर पसरला होता. १९५२मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्यात भारत संस्थापक सदस्य होता. त्याआधी १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू झालं ते अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांच्यामुळे.

रायलींचा आग्रह पुढे रोजच्या कामातही उतरला. कॅनडात १९९१मध्ये एक मोजमाप-पद्धत प्रसिद्ध झाली. तीत रुग्णाला अडणाऱ्या कामांतली महत्त्वाची कामं त्याने स्वतः निवडायची, मग ती सध्या कितपत जमतात आणि त्यावर आपण किती समाधानी आहोत, याला १ ते १० गुण द्यायचे. काही आठवड्यांनी तोच पुन्हा गुण देतो. थेरपिस्टला खांद्याचा कोन कितीही महत्त्वाचा वाटो, रुग्णाने नातवाला उचलून घेणं पहिलं लिहिलं असेल तर उपचार तिथून सुरू होतात.