रुमालावरचा हिरवा रंग

पावसाची झड लागलेली. गंगावेशीतला आमच्या शेजारचा पैलवान लालभडक नाक घेऊन दारात उभा. "दादा, हिरवं पडाय लागलंय बघा. आता अँटिबायोटिकच घ्याय पाहिजे की!" म्हणत त्यानं रुमाल थेट माझ्या तोंडापुढं धरला. मी दोन पावलं मागं सरकलो, पण रंग नीट पाहून घेतला.

तो हिरवा रंग जंतूंचा नव्हे, पैलवानाच्याच पांढऱ्या पेशींचा. न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी झुंडीनं नाकात येतात, लढतात आणि तिथंच मरतात. त्यांच्यातलं मायलोपेरॉक्सिडेज हे लोह असलेलं एन्झाइम मुळातच हिरवट असतं. त्यामुळं विषाणूच्या साध्या सर्दीतही काही दिवसांनी शेंबूड पिवळा-हिरवा होतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे त्याच्या गळी उतरवायला मात्र दोन कप चहा खर्ची पडला.

शेंबडाला आपण उगाच नावं ठेवतो. नाकाच्या आतल्या पेशींवर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते वरचा चिकट थर, त्यात अडकलेल्या धुळीसह आणि विषाणूंसह, घशाकडं ढकलतात. तो आपण नकळत गिळतो, पुढचं जठरातलं आम्ल बघून घेतं. तांबडा रस्सा ओरपताना नाक गळतं, तेही तिखटानं नाकातल्या नसा चाळवून सुरू झालेली धुलाईच.

यातून निसटून विषाणू पेशीत शिरलाच, तर? पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की नदीकाठची माणसं ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसत नाहीत. सामान माळ्यावर चढायला लागतं. बाधित पेशीही असाच सांगावा धाडते. ती स्वतः बहुतेकदा वाचत नाही, पण शेजारच्या पेशी सावध होतात. विषाणू आत येताच प्रथिनं बनवायचं यंत्रच बंद पाडायची तयारी त्या करून ठेवतात, म्हणजे त्याला आपल्या नकला काढता येत नाहीत. हा सांगावा म्हणजे इंटरफेरॉन. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये लंडनला, कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर फ्लूच्या विषाणूचे प्रयोग करताना तो शोधला.

फ्लूत अंग ठेचल्यासारखं दुखतं, त्यात अशा सांगाव्यांचा मोठा वाटा. औषध म्हणून इंटरफेरॉन टोचलेल्यांनाही, फ्लू नसताना, तसाच ताप येतो आणि अंग मोडून येतं.

तापाचंही तसंच. मेंदूतला हायपोथॅलॅमस ३७ अंशांची खूण उचलून समजा ३९ वर नेतो. अंग अजून ३७ वरच, म्हणून घोंगडं पांघरूनही दात वाजतात. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. खूण खाली आली, की घाम फुटतो. पॅरासिटामॉल ही खूण उतरवतं, विषाणूला हात लावत नाही. दम लागला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मात्र सरळ डॉक्टर गाठावा.

नेमके डाव टाकणारे गडी उशिरा उतरतात. बाधित पेशी हेरून मारणाऱ्या टी-पेशी आणि विषाणूला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. त्यांतल्या काही पेशी पुढं वर्षानुवर्षं त्या विषाणूची ओळख ठेवतात.

"मग दर पावसाळ्यात सर्दी कशी काय हुती?" पैलवानानं बरोबर अडवलं.

सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही, असं मी सांगितलं.

त्यानं रुमाल खिशात कोंबला. "म्हंजे दीडशे जोडी अजून मैदानात बसल्यात म्हणा की."