पागडी की मालकी? काळा घोड्याला जागा घेण्यापूर्वी

मुंबईत काळा घोडा कला महोत्सव चालू होता, शनिवारची संध्याकाळ होती आणि भाचीचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती. "मावशी, इथे आतल्या गल्लीत एक जागा निघालीय. तीनशे फूट. बाजारभावाच्या जेमतेम निम्म्यात. एजंट म्हणतो पागडीची आहे, पण मालकीसारखीच असते."

'सारखीच' हा शब्द ऐकला आणि मी तिला म्हटलं, आज कुणाला एक रुपयाही देऊ नकोस. माझं लहानपण ठाकूरद्वारच्या चाळीत, पागडीच्या दोन खोल्यांत गेलं. आई भाड्याच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. दागिन्यांपेक्षा तो डबा तिला मोलाचा वाटे, आणि त्यात तिची चूक नव्हती. तो डबा हरवला असता तर घर आमचं आहे हे दाखवायला आमच्याकडे फारसं काही उरलं नसतं. मालकीच्या घरातल्या माणसाला ही धाकधूक ठाऊक नसते.

मालकीच्या जागेत तुम्ही फ्लॅट विकत घेता. करार नोंदवला जातो, सूची २ वर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर, तुमचं नाव येतं, सोसायटी तुम्हाला भागप्रमाणपत्र देते. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून मालकीचं हस्तांतरण, झालेलं असेल तर इमारतीखालची जमीनही सोसायटीची, म्हणजे तुम्हा सगळ्यांची. पागडीत तुम्ही घर विकत घेतच नाही. तुम्ही भाडेकरू होण्याचा हक्क घेता. इमारत घरमालकाची, जमीन त्याची, गच्चीही त्याचीच. तुम्ही एकदा मोठी रक्कम देता, मग दरमहा किरकोळ भाडं भरता आणि पावती घेता. जागा पुढे विकायची झाली की घरमालकाची संमती लागते आणि त्याला वाटा द्यावा लागतो. प्रघात साधारण एक तृतीयांशाचा आहे, पण तो प्रघातच आहे, कायद्याने ठरवलेला आकडा नव्हे. त्यामुळे कुणी निम्मेही मागतो.

ही पद्धत आली कुठून हे समजलं की पुढचं सोपं जातं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरची टंचाई आणि फाळणीनंतरची गर्दी पाहता तेव्हा ते गरजेचंही होतं. पण महागाई वाढत गेली आणि भाडी तिथेच थांबली. मग घरमालक नवा भाडेकरू घेताना एकरकमी पैसे हातात घेऊ लागले. ते बेकायदा होतं तरी सगळेच घेत आणि देत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने अशी रक्कम घेणं-देणं कायदेशीर केलं. वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभाही याच कायद्याने दिली. म्हणजे २००० साली भाडं १०० रुपये असेल तर पंचवीस वर्षं दरवर्षी वाढ करूनही ते २६७ रुपयांच्या आसपास पोचतं. एवढ्या भाड्यात इमारतीचा सज्जा कोण दुरुस्त करणार?

काळा घोड्याची सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. आज आपण जिथे हौसेने जातो तो परिसर टिकला, कारण तिथल्या इमारती पाडून नव्या बांधणं कुणाला सहज जमलं नाही. भाडेकरू हलत नव्हते, घरमालकाला परवडत नव्हतं. १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली आली आणि पाडापाडीला कायद्यानेही अडसर बसला. १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी तिथे होतीच. १९९६ साली समोरच्या कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी महोत्सव सुरू झाला. मग एकेका वास्तूची डागडुजी होत गेली. १८८४ सालचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन खुलं झालं, तेव्हा त्या निळ्या भिंतींसमोर मी किती तरी वेळ उभी होते. आत रंगीत काचांतून पडणारा उजेड पाहण्यासाठी तिथे सकाळी जावं. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. ज्या घोड्यावरून परिसराला नाव पडलं आणि जो इथे उरलाच नव्हता, तोही २०१७ साली नव्या पुतळ्याच्या रूपात परत आला. घोड्यावर बसलेल्या राजाचा मूळ पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला होता. आताच्या घोड्यावर स्वार नाही, आणि मला तो तसाच आवडतो.

पण गोठलेल्या भाड्याने इमारती जशा टिकवल्या, तशा त्या पोखरल्याही. सिनेगॉगच्या गल्लीतून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्यावर एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभे राहा. हे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. पुढे हॉटेल गेलं, खोल्यांची लहान लहान कार्यालयं झाली, कोर्ट जवळ म्हणून वकिलांनी गाळे घेतले. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात दुरुस्तीवरून वर्षानुवर्षं घोळ चालू राहिला. २००५ साली दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला, २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. तिथल्या भाडेकरूंकडे पावत्या होत्या, हक्क होते, कायद्याचं संरक्षण होतं. बसायला जागा मात्र राहिली नाही. मालकीच्या सोसायटीत दुरुस्तीचा खर्च सभासदांना टोचतो, भांडणं होतात, पण निर्णय त्यांच्या हातात असतो. पागडीत छत गळतं तुमचं आणि निर्णय दुसऱ्याचा.

आता गुंतवणुकीचं. पागडीची जागा घेणाऱ्याच्या मनात एक हिशेब असतो आणि तो गिरगाव, लालबाग, परळमध्ये अनेकांच्या बाबतीत खराही ठरला आहे. जुनी उपकरप्राप्त इमारत, म्हणजे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळासाठी उपकर भरणारी, विकास नियंत्रण नियम ३३(७) खाली पुनर्विकासाला जाते. ५१ टक्के रहिवाशांची संमती मिळाली की बिल्डर टॉवर बांधतो आणि जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं, म्हणजे भिंतींच्या आत तेवढी जागा असलेलं, घर मोफत आणि मालकीने मिळतं. आज निम्म्या भावात पागडी घ्या, दहा-पंधरा वर्षांनी पूर्ण मालक व्हा, असा तो हिशेब. आमच्या चाळीतल्या लोकांचं असंच झालं.

हा हिशेब काळा घोड्याला तसाच्या तसा लावता येत नाही, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाही. इथल्या किती तरी इमारती वारसा यादीत श्रेणी १, २अ, २ब किंवा ३ मध्ये आहेत. श्रेणी १ आणि २ मधली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहील अशी आशाच धरू नये. श्रेणी ३ ला आणि वारसा परिसरातल्या इतर इमारतींना थोडी मोकळीक आहे, तरी उंचीची मर्यादा येते. उंची नाही तर बिल्डरला विकायला जादा फ्लॅट नाहीत, आणि जादा फ्लॅट नाहीत तर तुमचं मोफत घर कशाच्या जिवावर बांधणार? वारसा इमारतीत न वापरता आलेलं बांधकाम क्षेत्र टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून दुसरीकडे विकता येतं, पण तो पैसा इमारतीच्या मालकाचा, भाडेकरूचा नव्हे. ज्या जुनेपणाच्या मोहाने तुम्ही ही गल्ली निवडलीत, तोच जुनेपणा तुम्हाला मालक होऊ देत नाही. राहायला आणि जपायला घेत असाल तर यात दुःख मानण्यासारखं काही नाही. वाढीव पैशासाठी घेत असाल तर इथे थांबलेलं बरं.

भाचीला दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा ती गप्पच झाली. ती पुण्यात राहते. जागा घ्यायची, बंद ठेवायची, महोत्सवाच्या दिवसांत येऊन राहायचं, असा तिचा बेत होता. मालकीच्या फ्लॅटला कुलूप लावून तुम्ही दहा वर्षं गेलात तरी सोसायटीची वर्गणी भरत राहिलात की जागा तुमचीच. पागडीची जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ नुसार घरमालक ती खाली करून मागू शकतो. त्याच्या संमतीवाचून परस्पर दुसऱ्याला भाड्याने दिली तर तेही कारण पुरतं. लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर तेही. म्हणजे बंद ठेवता येत नाही, मनाने भाड्याने देता येत नाही, भिंत पाडून गॅलरी काढता येत नाही. गुंतवणूकदार जागेत जे तीन-चार उद्योग करतो ते सगळे इथे घरमालकाला विचारून. तंटा झाला तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. तिथल्या तारखा माझ्या वडिलांनी बारा वर्षं पाहिल्या आहेत.

वारसाहक्कातही फरक आहे. मालकीचं घर मृत्युपत्राने हवं त्याला देता येतं. पागडीचा हक्क तसा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केलं. राहत्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी, तसं कुणी नसेल तर वारसाचा. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी यावर नीट विचार करावा. बँकाही सहसा पागडीवर गृहकर्ज देत नाहीत, कारण गहाण ठेवायला मालकी हक्कच नसतो. म्हणून निम्मी किंमत ही रोख उभी करायची किंमत आहे. दुकान किंवा गॅलरी कंपनीच्या नावाने घेणाऱ्यांसाठी आणखी एक: १ कोटी किंवा अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपनीला हा कायदा संरक्षणच देत नाही.

मग मालकीचीच घ्यावी का? परवडत असेल तर हो, पण या भागात ती मोजकी निघते आणि महाग असते. वर मुद्रांक शुल्क ६ टक्के. तीन कोटींच्या जागेला १८ लाख, शिवाय नोंदणीचे ३० हजार. राहतं घर स्त्रीच्या नावाने घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. मुंबईत राहत्या घराचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे क्वचित जातं, तेव्हा केवळ भाड्यासाठी घेतलेली जागा मुदत ठेवीपुढेही टिकत नाही. आणि 'मालकीची' म्हणून सांगितलेली प्रत्येक जागा पुरती मालकीची असेलच असं नाही. मिळकत पत्रिका, म्हणजे शहरी जमिनीचा सरकारी उतारा, काढून जमीन कुणाच्या नावे आहे ते बघा. बॅलार्ड इस्टेट आणि कुलाब्याच्या बाजूला मुंबई बंदर प्राधिकरणाची, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, भाडेपट्ट्याची जमीन बरीच आहे. तिथे फ्लॅट तुमचा असला तरी जमिनीचा पट्टा कधी संपतो हे विचारावंच लागतं.

इमारत पाहायची तर महोत्सव संपल्यावर, आडवारी सकाळी जा. महोत्सवात पताका आणि दिवे लागलेले असतात, दर्शनी भागच डोळ्यांत भरतो. तेव्हा मनसोक्त भटका, चित्रं बघा, जहांगीरबाहेरच्या पदपथावर एखाद्या चित्रकारासमोर बसून स्वतःचं चित्र काढून घ्या. घेणाऱ्याने मात्र मागच्या बाजूने जावं. सांडपाण्याचे नळ, भिंतीत उगवलेला पिंपळ, जिन्याखाली लावलेले टेकू तिथे दिसतात. पावसाळ्यापूर्वी म्हाडा धोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते, तीही बघावी. आणि पागडीचीच घ्यायची असेल तर जुना भाडेकरू, नवा भाडेकरू आणि घरमालक यांचा त्रिपक्षीय करार नोंदवल्याशिवाय आणि नवी पावती आपल्या नावाने फाडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कुलमुखत्यारपत्रावर घेतलेली पागडी म्हणजे हातात नुसती किल्ली.

पुढच्या आठवड्यात मी भाचीबरोबर गेले. इमारत देखणी होती, लाकडी जिना, कठड्याला नक्षी. एजंटाला मी जागा दाखवण्याआधी भाड्याची शेवटची पावती मागितली. त्याने फोनवर फोटो दाखवला. पावती ज्यांच्या नावे होती ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले होते, विकणारा त्यांचा पुतण्या होता, आणि तो कधीच तिथे राहिलेला नव्हता. घरमालकाला यातलं काही ठाऊक आहे का, असं भाचीनेच विचारलं. एजंट म्हणाला, ते आपण नंतर सांभाळून घेऊ.

आम्ही जिना चढलो नाही. सिनेगॉग उघडं होतं, तिकडे गेलो.