हबवरची गंजाची खपली

गेल्या वर्षी मी माझ्या जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलले. जॅक, जॅक स्टँड, दोन-तीन पान्हे, पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प आणि रविवारची सकाळ, एवढ्यात काम उरकलं. मजुरी वाचली, कॉलर ताठ झाली. पुढे चारेक हजार किलोमीटर झाले आणि ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायला लागलं. ज्याला विचारावं त्याचं निदान एकच: "डिस्क वाकडी झाली." तापलेल्या डिस्कवर पाणी उडालं असेल, माल हलका असेल, वगैरे.

डिस्क वाकडी नव्हती. चूक माझी होती, आणि ती केसापेक्षा बारीक होती.

ती कळायला आधी ब्रेक सुटतो कसा, ते पाहावं लागतं. लागतो कसा हे बहुतेकांना ठाऊक असतं: पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कवर चिमट्यासारख्या बसणाऱ्या भागातल्या, पिस्टनवर येतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला चिमटीत धरतात. पण पाय काढल्यावर पिस्टनला मागे कोण घेतं? ड्रम ब्रेकमध्ये त्यासाठी स्प्रिंगा असतात. इथे पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते, बस्स. तिचं नेमून दिलेलं काम ऑइल गळू न देणं. पण पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ती त्याला धरून राहते आणि पीळ खाते. दाब गेला की पीळ सुटतो आणि रिंग पिस्टनला किंचित मागे घेते. किंचित म्हणजे मिलिमीटरचा लहानसा अंश. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून घसरून थोडी पुढची जागा धरतो, त्यामुळे फट कायम तेवढीच राहते. पॅड संपत येतो तशी टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी उतरते, तीही यामुळेच. आणि म्हणूनच नवे, जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे रेटला की टाकी भरून वर येते. मधे कुणी ऑइल 'टॉप अप' केलेलं असेल तर ते बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग खातं. अख्ख्या गाडीत इतकी स्वस्त आणि इतकी हुशार वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

आता माझी चूक. जुनी डिस्क हातोडीचे चार ठोके खाऊन सुटली, तेव्हा हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या, सपाट तोंडावर गंजाचे पापुद्रे होते. मी फडक्याने पुसल्यासारखं केलं आणि नवी डिस्क चढवली. एका बाजूला खपली राहिली. समजा, ०.०५ मिलिमीटरची. हबचं तोंड लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळे तेवढा कल डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट होतो. डिस्क सरळच असते, बसलेली मात्र तिरकी असते. फिरताना ती डुलते आणि ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेऱ्याला ठरावीक ठिकाणी पॅडला चाटून जाते. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर किलोमीटरला साडेपाचशे फेरे होतात. चार हजार किलोमीटरमध्ये बावीस लाख वेळा चाटणं! तेवढ्यात डिस्कचा तो भाग दहा-वीस मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ होतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो.

पुढे ब्रेक दाबला की डिस्कचा जाड भाग पिस्टनला मागे लोटतो आणि पातळ भाग पुढे येऊ देतो. ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला बारा फेरे घेतं. त्याच तालावर ऑइलचा दाब खालीवर होतो आणि ती थरथर तळपायात आणि स्टीअरिंगवरच्या हातात उतरते. 'वाकडी डिस्क' म्हणतात ती बहुतेक वेळा अशी जाडी बिघडलेली डिस्क असते. दुसरं कारण म्हणजे पॅडचा मसाला डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी चिकटणं. नव्या पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारायचे आणि मग गार होऊ द्यायचं. पॅडच्या खोक्यावर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. डिस्क तापलेली असताना सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलात, तर पॅडचा शिक्काच उमटतो.

तापणं हेच तर ब्रेकचं काम. १,२०० किलोची गाडी ऐंशीच्या वेगावरून थांबवली की सुमारे तीन लाख जूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्यात लिटरभर पाणी उकळीला येतं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साधारण साडेपाचशे मीटरने कमी होते, म्हणजे वीस लिटर पाण्याचा बंब. त्यातलं बरंचसं इंजिनाने घ्यावं म्हणून तर घाटात खालचा गिअर टाकायचा. डिस्क उघड्या हवेत असल्याने ती लवकर निवते. जॅग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीने डिस्क ब्रेक लावून १९५३ची फ्रान्समधली 'ल मां'ची चोवीस तासांची शर्यत जिंकली, त्यात या गुणाचा मोठा वाटा होता.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅडचा मसाला बांधून ठेवणारं रेझिन जळून त्याची पकड गेलेली असते. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर प्रमाणाप्रमाणे तो १५५° असला तरी चालतो. पॅड बदलताना लोक हेच ऑइल विसरतात.

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, गाडी स्टँडवर टेकवली, कॅलिपर ब्रेक ऑइलच्या होजवर (रबरी नळीवर) न लोंबवता तारेने बांधला. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकाकेपर्यंत घासला. याला अर्धा तास गेला. पॅड बदलायला त्याहून कमी. लेथवाल्या मित्राकडून डायल गेज, म्हणजे बारीकसं डुलणंही काट्यावर दाखवणारं मापक, आणलं होतं. डिस्क नटांनी आवळून हाताने फिरवली. काटा शून्याच्या अल्याडपल्याड जेमतेम हलत होता.

चाकं चढवून आत बसलो आणि पेडल दाबलं. ते थेट खाली टेकलं. बिघाड नव्हता तो. मागे रेटलेला पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलाच नव्हता. चौथ्या-पाचव्या दाबाला पायाखाली पेडल घट्ट झालं. टाकीतली पातळी पाहिली आणि मगच चावी फिरवली.