बॅकअप आणि डिलीट झालेल्या फाइलची रिकव्हरी : दोन वेगळी कामे

'चुकून फाइल डिलीट झाली आहे, बॅकअपचे सॉफ्टवेअर टाकून ती परत काढून द्या,' अशी मागणी घेऊन आमच्याकडे पुष्कळ ग्राहक येतात. या मागणीत दोन वेगळ्या कामांची गल्लत होते आणि त्या गल्लतीपायी वाचू शकला असता असा डेटाही हातचा जातो, हे वारंवार पाहिल्यामुळे आम्ही हे पत्रक काढत आहोत.

बॅकअप सॉफ्टवेअर फाइल शाबूत असतानाच तिची प्रत दुसऱ्या जागी, म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर, ठरलेल्या वेळी काढून ठेवते. विंडोज ८ पासून आलेली 'फाइल हिस्टरी' आणि मॅकवर २००७ पासून असलेली 'टाइम मशीन' ही याची उदाहरणे असून, त्यांतून फाइलची काही दिवसांपूर्वीची आवृत्तीही मिळते. मात्र सॉफ्टवेअर आज बसवले, तर काल गेलेल्या फाइलसाठी त्याचा काहीही उपयोग नसतो.

रिकव्हरीची वेळ येते ती अशी प्रत कुठेच नसते तेव्हा. रिसायकल बिन रिकामी केली, तरी विंडोज फाइलमधला मजकूर लगेच पुसत नाही. फाइलने व्यापलेली जागा आता मोकळी आहे, एवढीच नोंद करते. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेतातले उभे पीक त्याच क्षणी नाहीसे होत नाही, पण नव्या धन्याने नांगर घातला की ते गेलेच. त्याचप्रमाणे मोकळ्या ठरलेल्या जागेवर दुसरी फाइल लिहिली गेली की पहिला मजकूर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. तुम्ही काही टाइप करत नसलात, तरी ब्राउझर आणि विंडोजचे अपडेट डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असतात. आणि सर्वांत मोठे नुकसान होते ते घाईघाईने रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड केल्याने.

एका लग्नाचे फोटो असलेले मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झाल्यावर त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशीचा साखरपुडाही काढला गेला होता. ते कार्ड आमच्याकडे आले, तेव्हा वरातीचे फोटो मिळाले; अक्षता पडतानाचे मात्र एकही मिळाले नाहीत. कार्ड तेव्हाच कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवले असते, तर बहुधा सगळेच फोटो वाचले असते, याची हळहळ आम्हाला आजही वाटते.

नव्या लॅपटॉपमधील एसएसडीच्या, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या बाबतीत तर आम्ही आशाच कमी देतो. विंडोज ७ पासून असलेल्या 'ट्रिम' या सोयीमुळे डिलीट झालेली जागा कोणती, हे एसएसडीला लगेच कळवले जाते आणि ती स्वतःच ती जागा साफ करते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर जे साधते, ते येथे बहुधा साधत नाही.

गुगल ड्राइव्हशी फोल्डर जोडले म्हणजे बॅकअप झाला, हा समजही बरोबर नाही, कारण येथे डिलीट केलेली फाइल तेथेही डिलीट होते आणि तेथील ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटाचा बॅकअप ज्या बाहेरच्या डिस्कवर घेता, ती काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी डेटा अडवून ठेवणारे घातक सॉफ्टवेअर, मूळ डेटासोबत तिच्यावरची प्रतही कुलूपबंद करते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल उघडूनही पाहावी.

फाइल गेल्याचे लक्षात येताच त्या संगणकावरील काम थांबवून तो बंद करावा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हा सुरू करून पाहू नये. तो बिघाड यांत्रिक असतो आणि त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही. आमच्याकडे येताना सोबत तेवढ्याच क्षमतेची एक रिकामी डिस्क आणावी, कारण सापडलेल्या फाइल आम्ही मूळ डिस्कवर कधीही परत लिहीत नाही.