'उंबरठा'तल्या सुलभाला माफी का नाही?

'उंबरठा'चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "सगळं खरं हो, पण पोरीला टाकून गेली ना?" जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९८२चा, पण त्यावरचा हा आक्षेप शंभर वर्षं आधीचा आहे.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं 'अ डॉल्स हाउस' हे नाटक २१ डिसेंबर १८७९ला कोपनहेगनमध्ये रंगमंचावर आलं. नोरा खोटी सही करून कर्ज काढते, ते नवऱ्यापासून लपवते आणि शेवटी नवरा नि तीन मुलं मागे ठेवून दार लावून निघून जाते. गदारोळ झाला तो त्या निघून जाण्यावरून. जर्मनीत हेडविग नीमान-राबे ही नामवंत नटी तर अडूनच बसली: मी माझी मुलं अशी सोडून कधीच जाणार नाही, शेवट बदला. परक्या नाटककाराच्या हक्कांना तेव्हा तिथे संरक्षण नव्हतं. आपण नाही बदललं तर दुसरा कुणी बदलणार, हे ओळखून इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. १८८०मध्ये असे प्रयोग झालेही. इब्सेन मात्र या शेवटाला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हणायचा. प्रेक्षकाला सोसवत नाही म्हणून पात्राचे पाय कापायचे, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

मराठीत नोराची सावली मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू' या नाटकावर (१९४२) पडली. ज्योत्स्ना भोळ्यांची भानुमती लोकांनी डोक्यावर घेतली; त्यात 'बोला अमृत बोला' या गाण्याचा वाटाही होताच.

त्याआधी, १९३७मध्ये, 'प्रभात'च्या 'कुंकू' या चित्रपटाने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न मानतच नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब दुष्ट नाहीत, स्वार्थी आहेत, आणि आपली चूक त्यांना हळूहळू कळत जाते. अखेर ते आत्महत्या करून नीरेला मोकळी करतात. म्हणजे घर सोडायचं काम नवऱ्याने केलं, बायकोवर ती वेळच आली नाही. सोय छान होती.

पुरुष पात्र वाईट असलं की वाद दुसऱ्याच गोष्टींवर जातो. तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर (१९७२) नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवतो, मारतो आणि शेवटी चंपाचा जीव घेतो. निळू फुले आणि लालन सारंग यांच्या त्या नाटकावर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. पण भांडण मुख्यतः भाषेवर आणि शरीरसंबंधांच्या उघड चित्रणावर होतं. सखारामने असं वागायला नको होतं, असं म्हणत कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

'उंबरठा'ची पटकथाही तेंडुलकरांचीच, शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून. स्मिता पाटीलची सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी जाते आणि मुलगी राणी जावेपाशी राहते. जाऊ तिचं सगळं मायेने करते, त्यामुळे मुलीचे हाल होतात असंही म्हणता येत नाही. तरीही सुलभा घरी येते तेव्हा राणी तिच्यापाशी यायला तयार नसते, आणि त्या प्रसंगात दिग्दर्शक सुलभेची बाजू घेत नाही. ती हट्टी आहे, कोरडी वाटते, सुधारगृहातही हरते. नोकरी सोडून परतल्यावर गिरीश कर्नाडांचा सुभाष शांतपणे सांगतो की दरम्यान त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. सुलभाने मात्र घरात राहावं, ही त्याची अपेक्षा कायम. ती पुन्हा बाहेर पडते. चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' घरोघर गेलं. सुलभा पटली नाही असं म्हणणारेही ते गाणं डोळे मिटून ऐकतात.

त्याच वर्षी हिंदीत महेश भट यांचा 'अर्थ' आला. दुसऱ्या बाईसाठी सोडून गेलेल्या नवऱ्याला त्यातल्या पूजाने माफ करावं असं वितरकांना वाटत होतं, हे भट यांनीच सांगितलं आहे. त्यांनी शेवट बदलला नाही. परत आलेल्या नवऱ्याला पूजा विचारते, मी असंच वागून परत आले असते, तर तू मला घरात घेतलं असतंस? तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. पूजाला मूल नव्हतं, म्हणून प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहू शकला, असं मला वाटतं. सुलभेला राणी होती.