कॉलरद्वारे वन्य कळपांचा मागोवा

कळपाने राहणाऱ्या वन्य प्राण्यांपैकी एका किंवा काही प्राण्यांच्या गळ्यात संदेश पाठवणारा पट्टा (रेडिओ कॉलर) बसवून कळपाच्या हालचालींची नोंद ठेवणे आणि त्या नोंदींच्या आधारे कळपाच्या वाटेतला माणसाचा वावर कमी करणे, अशी ही वन्यजीव व्यवस्थापनाची पद्धत आहे. पट्टा जनावराच्या गळ्यात असला, तरी त्यातून मिळालेल्या माहितीवरून वागणे बदलायचे असते ते शेतकऱ्याने, पर्यटकाने, वाहनचालकाने आणि वनरक्षकाने. कोल्हापूर जिल्ह्यात या विषयाला महत्त्व येते ते मुख्यतः गव्यांमुळे आणि काही प्रमाणात हत्तींमुळे.

प्राण्यांचा मागोवा रेडिओने घेण्यास 1960च्या दशकात सुरुवात झाली. जुन्या प्रकारच्या कॉलरमधून ठरावीक कंपनसंख्येवर ‘टिक टिक’ असा संकेत निघतो. मागोवा घेणारा हातातला अँटेना फिरवत आवाज जिकडून मोठा येतो ती दिशा धरतो आणि दोन-तीन ठिकाणांहून धरलेल्या दिशा नकाशावर जिथे छेदतात तिथे प्राणी आहे असे मानतो. डोंगराळ भागात हा संकेत कड्यांवरून परावर्तित होऊन फसवतो. नव्या कॉलरमध्ये जीपीएस असते. ती स्वतःचे स्थान ठरवून उपग्रहामार्फत किंवा मोबाईलच्या जाळ्यातून कळवते. मात्र दर तासाला स्थान मागितले, तर बॅटरी लवकर संपते आणि चार-सहा तासांनी मागितले, तर मधल्या वेळेत कळप कुठल्या बांधावरून कुठे गेला हे कळत नाही. ही ओढाताण प्रत्येक प्रकल्पात असते. प्राणी बराच वेळ निश्चल राहिला, तर संकेताची लय बदलते आणि तो मेला असण्याची शक्यता कळते.

माणसाच्या वावराचा प्राण्यांवर होणारा परिणाम मोजता येऊ लागला तो बहुतांशी कॉलरमुळेच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात सस्तन प्राण्यांच्या 57 जातींतील 803 प्राण्यांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. माणसाची वर्दळ जास्त असलेल्या प्रदेशातील प्राण्यांची हालचाल वर्दळ कमी असलेल्या प्रदेशाच्या तुलनेत निम्मी ते एकतृतीयांशच भरली. करोना काळातील टाळेबंदीने जणू याचा उलटा प्रयोगच करून दाखवला. 43 जातींतील सुमारे 2,300 प्राण्यांच्या नोंदींवरून 2023 साली असे दिसले, की कडक टाळेबंदीच्या भागांत प्राण्यांनी दहा दिवसांत कापलेले लांब पल्ल्याचे अंतर आधीच्या वर्षीपेक्षा 73 टक्क्यांनी वाढले होते आणि ते रस्त्यांच्या अधिक जवळ येऊ लागले होते.

कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव रान असलेल्या दाजीपूरच्या जंगलास 1958 साली गवा अभयारण्याचा दर्जा मिळाला. 1985 साली त्याचा विस्तार होऊन 351.16 चौ. किमी. क्षेत्राचे राधानगरी अभयारण्य झाले. राधानगरी आणि काळम्मावाडी ही धरणे, कारवीची दाट झाडी आणि गवताळ सडे (डोंगरमाथ्यावरची सपाट पठारे) यांमुळे गव्याला येथे पाणी, आडोसा आणि चारा तिन्ही मिळतात. पण अभयारण्यातून फोंडा घाटाचा रस्ता जातो आणि कडेला उसाचे फड आहेत. गवा माणसाची चाहूल लागली की दिवसा रानात दडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच असते. त्यामुळे हातात विजेरी घेऊन सरीला पाणी पाजायला गेलेला शेतकरी आणि त्याच फडात शिरलेला कळप यांची गाठ पडते. डबे वाजवणे, फटाके फोडणे, माळ्यावर जागणे हे उपाय कळप एका शिवारातून दुसऱ्याच्या शिवारात ढकलतात, एवढेच.

गव्याला कॉलर बसवणे सोपे नाही. पूर्ण वाढलेला नर 700 ते 1,000 किलोंचा असतो; त्याची मान वयाप्रमाणे जाड होत जाते आणि झुंजीत पट्ट्याला हिसके बसतात, त्यामुळे कळपाबरोबर राहणारी प्रौढ गाय या कामाला अधिक योग्य असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीत गवा असल्याने त्याला बेशुद्ध करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते. पहाटेच्या गारव्यात वाहनातून औषधी बाण मारतात. जनावर खाली बसले की डोळ्यांवर ओले फडके टाकतात आणि त्याला छातीवर टेकवून धरतात, कारण रवंथ करणारे जनावर आडवे पडले तर पोटात वायू साठून किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन दगावू शकते. पट्टा आवळताना मानेत आणि पट्ट्यात बोटे शिरतील एवढी सैल जागा ठेवतात, मग उतारा टोचून सगळे मागे सरतात. काही मिनिटांत गाय उठते. पट्ट्याचे वजन शरीराच्या तीन ते पाच टक्क्यांहून कमी असावे असा संकेत आहे. गव्याच्या बाबतीत वजनाचा प्रश्न फारसा येत नाही, ओलीचा मात्र येतो. 2023च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातील कुनो येथील काही चित्त्यांच्या पट्ट्याखाली जखमा होऊन त्यात अळ्या पडल्याचे आढळले आणि पट्टे काढून तपासणी करावी लागली. राधानगरीच्या मुसळधार पावसात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. अर्थात गव्याला कॉलर चालतच नाही असेही नव्हे : 2011-12मध्ये मध्य प्रदेशातच कान्हा येथून बांधवगडला हलवलेल्या 50 गव्यांपैकी काहींचा मागोवा कॉलरनेच घेतला गेला.

एका गायीचा मागोवा म्हणजे कळपाचा मागोवा, हे गृहीतक गव्याच्या बाबतीत सैलपणेच धरावे लागते. गव्यांचे कळप फुटतात, पुन्हा मिसळतात, प्रौढ नर वर्षातला बराच काळ एकटे फिरतात आणि वस्तीजवळ दिसणारा गवा पुष्कळदा असा एकटाच असतो. पुण्यात कोथरूड भागात 9 डिसेंबर 2020 रोजी शिरलेला गवा जमावाच्या पाठलागानंतर मरण पावला, तोही एकटाच होता. 2002पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गात आणि पुढे चंदगड, आजरा भागात आलेल्या हत्तींची गोष्ट वेगळी आहे; त्यांची संख्या थोडी असल्याने एकेका टस्कराचा स्वतंत्र मागोवा घेणे शक्य आहे.

मिळालेल्या स्थानांचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला तातडीचा : नकाशावर आखलेली आभासी सीमा प्राण्याने ओलांडताच वनकर्मचाऱ्याला संदेश जातो. केनियात हत्तींसाठी हे तंत्र वापरले गेले आहे. तमिळनाडूतील वालपराई येथे हत्तींबाबत मोबाईल संदेश आणि उंचावर लावलेले लाल दिवे यांद्वारे मळ्यांतील लोकांना सावध करतात. तेथे मुख्य आधार माग काढणाऱ्या माणसांचा आहे, त्यामुळे कॉलरशिवायही इशारा देता येतो हे लक्षात घेतले पाहिजे. इशारा मिळाल्यावर पाणी पाजायला न जाण्याची सोय, म्हणजे दिवसाची वीज, नसेल तर संदेश वाचूनही शेतकरी फडात जाणारच. दुसरा उपयोग सावकाशीचा : वर्ष-दोन वर्षांच्या नोंदींवरून वासरांसह कळप कुठे थांबतो, कुठल्या पाणवठ्यावर किती वाजता येतो आणि रस्ता कुठे ओलांडतो हे कळले, की सफारीच्या वेळा, वाहनांची वेगमर्यादा आणि बंद ठेवायच्या वाटा ठरवता येतात. ताजी स्थाने मात्र जाहीर करत नाहीत. शिकाऱ्याइतकीच भीती मोबाईल घेऊन धावणाऱ्या बघ्यांची असते.

बॅटरी संपण्यापूर्वी पट्टा आपोआप सुटून पडावा, यासाठी त्यात ठरावीक मुदतीचा खटका बसवलेला असतो. न सुटल्यास जनावर पुन्हा बेशुद्ध करावे लागते. पडलेला पट्टा शोधून आणणे आवश्यक असते, कारण उपग्रहामार्फत न पोचलेली स्थाने आणि प्राणी चरत होता की पळत होता याची बारीक नोंद त्याच्या स्मृतीत साठलेली असते. दाट झाडीखाली उपग्रहाशी संपर्क अनेकदा तुटतो, म्हणून कारवीच्या रानात पडलेला पट्टा शोधण्यासाठी अखेरीस तोच जुना हातातला अँटेना घेऊन माणसाला पायी हिंडावे लागते.