उतारा, गाळलेल्या जागा आणि ‘चूक दुरुस्त करा’: इंग्रजीच्या सरावपुस्तकामागचा इतिहास

माध्यमिक शाळेचे कुठलेही इंग्रजी सरावपुस्तक उघडा, ठरलेले प्रकार समोर येतात. दीडदोनशे शब्दांचा उतारा आणि खाली पाच-सहा प्रश्न, गाळलेल्या जागा, चार पर्यायांतून एक निवडा, चूक शोधून वाक्य पुन्हा लिहा. हे इतके अंगवळणी पडले आहे, की कुणीतरी इंग्रजी शिकवायला म्हणूनच हे सगळे रचले असावे असे वाटते. प्रत्यक्षात यातला एक प्रकार लॅटिनच्या अनुकरणातून आला, एक मुले किती थकतात हे मोजण्यासाठी जन्मला, आणि एक तपासणाऱ्यांमधली तफावत मिटवण्यासाठी. बहुतेकांचे मूळ काम मोजमापाचे होते. शिकवण्याचे ओझे त्यांच्यावर नंतर पडले. कोणता सराव कुठे उपयोगी पडतो आणि कुठे दगा देतो, याची बरीचशी उत्तरे या मुळांत सापडतात.

लॅटिनच्या मापाचा अंगरखा

इंग्रजी भाषेचे इंग्रजीतच लिहिलेले पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांचे, १५८६ सालचे. विल्यम लिली यांच्या नावाने शाळांत चालणारे लॅटिन व्याकरण त्यांच्यापुढे नमुना म्हणून होते. लॅटिनमध्ये नामे विभक्तीप्रमाणे रूप बदलतात. इंग्रजी नामांनी हे केव्हाच सोडून दिले होते. तरीही पुढची दोन-अडीचशे वर्षे मुले ‘अ बुक, ऑफ अ बुक, टू अ बुक’ असे नाम चालवत राहिली. शिकवण्याची रीतही लॅटिनचीच: नियम पाठ करायचा, मग वाक्यातला एकेक शब्द उचलून त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची. आपल्याकडे याला ‘व्याकरण चालवणे’ म्हणतात.

अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसलच्या शिक्षिका अ‍ॅन फिशर यांनी आपल्या व्याकरणात मुद्दाम चुकीची वाक्ये घातली. ती मुलांनी सुधारायची. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या व्याकरणात तळटीपांमध्ये शेक्सपिअर आणि बायबलच्या इंग्रजी भाषांतरातल्याही चुका काढून दाखवल्या. या दोन्ही धाग्यांना पक्के रूप दिले ते लिंडली मरे यांनी. मूळचे अमेरिकेतले वकील असलेले मरे यॉर्कला स्थायिक झाले होते आणि तिथल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या सांगण्यावरून त्यांनी १७९५ मध्ये व्याकरण लिहिले. दोनच वर्षांनी, १७९७ मध्ये, त्याला जोडून स्वाध्यायांचे पुस्तक आणि वेगळी उत्तरसूची आली. नियम, स्वाध्याय, उत्तरसूची ही आजच्या सरावपुस्तकाची त्रिकूट मांडणी तेव्हापासून रूढ झाली.

या मांडणीतला दोषही तेव्हापासूनचाच. ‘कर्ता व क्रियापद यांचा मेळ’ असे शीर्षक देऊन खाली वीस चुकीची वाक्ये दिली, की विद्यार्थ्याला वाक्य वाचावेच लागत नाही. शीर्षकानेच उत्तर सांगितलेले असते: क्रियापदाला ‘एस’ लावा किंवा काढा. वीसपैकी वीस बरोबर येतात, आणि दुसऱ्या दिवशी निबंधात तीच चूक पुन्हा दिसते. म्हणून एका नियमाची पाच-सहा वाक्ये पुरेत. पुढची पंधरा वाक्ये तीन-चार नियमांची सरमिसळ करून द्यावीत आणि त्यांत तीन-चार अगदी बरोबर वाक्येही ठेवावीत. बरोबर वाक्याला हात न लावणे हेही कौशल्यच आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पुस्तकातली चूक आणि विद्यार्थ्याची चूक एकच असते असे नाही. १९५७ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवून चुकांचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. १९६७ मध्ये पिट कॉर्डर पुढे गेले: चूक ही शिकणाऱ्याने स्वतःशी बांधलेल्या नियमांची खूण आहे, ती वाचता आली पाहिजे. मराठी विद्यार्थ्याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे वाक्य घ्या. यात एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या आहेत. आपले ‘पासून’ सोमवारपासूनही चालते आणि तीन वर्षांपासूनही. इंग्रजी मात्र सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’ आणि कालावधीच्या लांबीला ‘फॉर’ लावते. शिवाय आपण ‘राहतो आहे’ असा वर्तमानकाळ वापरतो, तर इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. नुसते ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहिले तर अर्धीच चूक सुटते. उलट ‘वेंट’च्या जागी ‘गोएड’ म्हणण्यासारखी चूक मातृभाषेतून येत नाही. इंग्रजी घरात वाढणारी लहान मुलेही ती करतात. पहिल्या चुकीला तुलना करून समजवावे लागते. दुसरी भरपूर वाचन-ऐकण्यातून हळूहळू जाते. दोन्हींना एकाच पद्धतीची वीस वाक्ये देणे म्हणजे दोन वेगळ्या दुखण्यांना एकच गोळी.

उतारा परीक्षेत कसा आला

एकोणिसाव्या शतकापर्यंत शाळेत वाचन म्हणजे मोठ्याने वाचन आणि पाठांतर. समजले की नाही, हे उच्चार आणि थांबे यांवरून ओळखायचे. १९१३ मध्ये केंब्रिजने परदेशी शिक्षकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. एकूण १२ तास. त्यात भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन आणि तोंडी परीक्षा. उताऱ्याच्या आकलनाचा स्वतंत्र पेपर नव्हता. तिघे बसले, तिघेही नापास झाले.

मूकवाचन मोजण्याची गरज अमेरिकेत पडली. एकाच उत्तराला वेगवेगळे शिक्षक वेगवेगळे गुण देतात, ही अडचण फ्रेडरिक केली यांना सोडवायची होती. १९१५ च्या सुमारास त्यांनी कॅन्ससमध्ये मूकवाचनाची चाचणी बनवली. तिच्यातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे: चार प्राण्यांची नावे दिली आहेत, शेतावर उपयोगी असलेल्याभोवती रेघ काढा, गाय, वाघ, उंदीर, लांडगा. बहुपर्यायी प्रश्नाचा उगम इथे. एकच उत्तर, झटपट तपासणी, मतभेदाला जागा नाही.

याच काळात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक उलट्या दिशेने विचार करत होते. बरोबर किती, यापेक्षा चुकीची उत्तरे कशी येतात, हे त्यांनी पाहिले. १९१७ च्या त्यांच्या निबंधातला उतारा एका लांबलचक वाक्याचा आहे. आशय असा: फ्रँकलिन या ठिकाणी ७ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हजर राहिले पाहिजे, जर ते शाळेत जाता न येण्याइतके आजारी नसेल, घरात कुणाला संसर्गजन्य आजार नसेल, आणि रस्ते बंद नसतील तर. प्रश्न साधे: उताऱ्याचा विषय काय? दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या दिवशी शाळेत येण्याची अपेक्षा नाही?

विषय म्हणून काहींनी नुसते ‘फ्रँकलिन’ लिहिले. एकही शब्द अवघड नव्हता. पण पहिला ठळक शब्द इतका मोठा झाला की बाकीचे वाक्य त्याच्या सावलीत गेले, आणि ‘अनलेस’ हा छोटासा शब्द, ज्यावर तिन्ही अपवाद टांगले आहेत, त्याला काही वजनच मिळाले नाही. थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष हाच होता: परिच्छेद समजणे हे गणित सोडवण्यासारखे आहे, योग्य घटक निवडायचे, प्रत्येकाला योग्य वजन द्यायचे आणि त्यांना योग्य नात्याने जोडायचे. शंभर वर्षे उलटली, तरी आकलनाच्या चुका समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात नाही.

शाळांनी मात्र थॉर्नडाइकपेक्षा केली यांचा वारसा जास्त उचलला, कारण तो तपासायला सोपा. त्याचे दुखणे एका ओळीत दाखवता येते. ‘द टार्विक झॉम्ड द फिपल्स निअर द नार्ड.’ टार्विक कोण, झॉम करणे म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नाही; शब्द बनावट आहेत. तरी ‘हू झॉम्ड द फिपल्स?’ याला ‘द टार्विक’ आणि ‘कुठे?’ याला ‘निअर द नार्ड’ ही बिनचूक उत्तरे देता येतात. उताऱ्यातले वाक्य उचलून त्याला प्रश्नार्थक शब्द लावला, की असाच प्रश्न तयार होतो. पाचपैकी असे दोन चालतील. उरलेले तीन दोन वाक्ये जोडल्याशिवाय सुटू नयेत.

बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ती आहे: उतारा झाकून प्रश्न सोडवायला द्या. चार पर्याय असतील तर निव्वळ अंदाजाने सुमारे २५ टक्के उत्तरे बरोबर येतील. वर्गाचे ६० टक्के बरोबर आले, तर ते प्रश्न वाचन मोजतच नाहीत. सामान्यज्ञान किंवा पर्यायाची लांबी उत्तर फोडते आहे. बरोबर पर्याय सर्वांत लांब असणे, ही नेहमी दिसणारी चूक.

गाळलेल्या जागा

१८९७ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरातल्या शाळांचे सलग तास मुलांना थकवतात का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांच्यापुढे आला. त्यांनी मजकुरातले काही भाग गाळून ते मुलांना भरायला दिले. हेतू थकव्याने बुद्धीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा. भाषा शिकवण्याचा संबंधच नव्हता. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी दर पाचवा शब्द गाळण्याची ‘क्लोज’ पद्धत आणली, तीही विद्यार्थ्यांसाठी नव्हे. मजकूर वाचायला किती सोपा वा अवघड आहे हे मोजण्यासाठी.

त्या कामासाठी ती आजही उत्तम आहे. सुमारे २८० शब्दांचा उतारा घ्या. पहिले आणि शेवटचे वाक्य जसेच्या तसे ठेवा. मधल्या भागात दर पाचवा शब्द काढून सारख्या लांबीच्या ५० जागा करा. भरलेला शब्द मूळ शब्दच असेल तरच गुण द्या. जॉन बॉर्मथ यांच्या १९६० च्या दशकातल्या तुलनेनुसार यात ४४ टक्के मिळणे हे आकलनाच्या प्रश्नांत ७५ टक्के मिळण्याइतके, तर ५७ टक्के हे ९० टक्क्यांइतके. म्हणून ५० पैकी २२ पाहून घाबरू नये. तो उतारा शिक्षकाच्या मदतीने वाचायला योग्य आहे. वर्गाचे बहुतेक जण १५ च्या खाली असतील, तर उतारा बदलावा.

शिकवायचे असेल तर मात्र मोजून गाळणे सोडावे आणि निवडून गाळावे. फक्त ‘ऑलदो’, ‘बिकॉज’, ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’ काढले, की जागा भरायला आधीचे आणि पुढचे वाक्य दोन्ही वाचावे लागते. कंसात पर्याय दिले तर तीच जागा तुक्क्याची होते.

शब्दांचे ओझे

१९२० च्या दशकात ढाक्यात काम करणाऱ्या मायकल वेस्ट यांना दिसले, की शाळेच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द इतके दाट येतात की मूल वाचतच नाही, उकलत बसते. त्यांनी दुर्मीळ शब्दांच्या जागी रोजचे शब्द घातले आणि नवे शब्द दूरदूर पेरले. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची सामान्य उपयोगाची यादी आली. आधाराविना नीट समजण्यासाठी मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे २००० मधल्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे २०० शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द चारच. दहा असतील तर प्रमाण ९५ टक्के, आणि तिथे बऱ्याच मुलांचा धागा तुटतो. उतारा निवडताना वर्गातल्या मधल्या दर्जाच्या मुलाकडून अनोळखी शब्दांखाली रेघा मारून घेणे, हे पाच मिनिटांचे काम आहे.

नियम की वाक्य

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या आढाव्याने औपचारिक व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, असे जाहीर केले आणि वाद पेटला. त्यातून पुढे आलेली एक उपयुक्त गोष्ट म्हणजे वाक्यजोडणी. १९७३ मध्ये फ्रँक ओहेअर यांनी सातवीच्या मुलांवर ती करून पाहिली. ‘द ब्रिज वॉज ओल्ड. इट रेन्ड ऑल नाइट. द ब्रिज कोलॅप्स्ड.’ ही तीन वाक्ये एक करा. कुणी ‘आफ्टर’ वापरेल, कुणी ‘बिकॉज’. दोन्ही वाक्ये शुद्ध, पण एकात नुसता क्रम आहे आणि दुसऱ्यात आरोप. ‘हॅड रेन्ड’ का लागते, हे इथे काळांच्या तक्त्याहून लवकर उमगते. व्याकरण आणि आकलन यांची गाठ पडते ती अशा ठिकाणी.

आकलन शिकवता येते का

१९७२ मध्ये ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी कपडे धुण्याबद्दलचा, पण विषयाचे नाव न घेणारा परिच्छेद ऐकवला. विषय आधी सांगितलेल्यांना जवळपास दुप्पट आठवले. नंतर सांगितल्याने काहीच फायदा झाला नाही. उताऱ्याआधीची दोन मिनिटांची चर्चा म्हणूनच मोलाची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वाचनतासांचे निरीक्षण केले: ४,४६९ मिनिटांपैकी आकलन शिकवण्यात गेलेली मिनिटे फक्त २०. बाकी वेळ मुख्यतः प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय देण्यात जात होता. परीक्षा होत होती, शिकवणे होत नव्हते.

या पोकळीला १९८४ मध्ये पालिन्सार आणि ब्राउन यांनी उत्तर दिले. सातवीच्या, शब्द वाचता येणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या मुलांबरोबर त्यांनी परिच्छेदागणिक चार कामे केली: सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे, पुढे काय येईल ते सांगणे. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुले आळीपाळीने शिक्षकाच्या जागी बसतात. बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. सारांश म्हणून पहिले वाक्य उतरवले जाते, आणि ‘काही अडले नाही’ म्हणून उलगडणे वगळले जाते. पहिल्यावर उपाय: सारांश पुस्तक मिटून, दहा-बारा शब्दांत, लागलाच तर मराठीत. दुसऱ्यावर उपाय: शिक्षकाने स्वतः एका शब्दावर अडून दाखवणे. थॉर्नडाइकच्या त्या उताऱ्यावर हे करायचे तर थांबायची जागा ‘अनलेस’ ही. त्याआधी नियम, त्यानंतर अपवाद. अपवाद किती, हे बोटांवर मोजून घ्यायचे. तीन बोटे उघडली, की दहा वर्षांच्या मुलीचा प्रश्न पुन्हा विचारायचा.